नकाशामागची ओल

भिंतीवरच्या वस्तूही एकमेकांशी बोलायच्या, त्या काळची गोष्ट. एका घरात जगाचा नकाशा मोठ्या दिमाखात टांगलेला होता. त्याच्याखाली मुळाक्षरांचा तक्ता होता. कोपरा फाटलेला, त्यातला आंबा वरणाच्या बोटांनी माखलेला.

छोटी कुंदा जेवून उठली की नकाशाकडे हात करी. नकाशा दांडी आपटून ओरडे, "आधी हात धुऊन ये! जग आहे हे!" कुंदा दचकून तक्त्याकडे वळे.

"लेकरू आहे रे," तक्ता म्हणे.

"स्वतःची दशा बघ! मी हात लावू देत नाही, म्हणून तर माझा मान आहे."

दिवाळीआधी रंगारी आला. दोघांना उतरवून, पोपडे खरवडून त्याने भिंत रंगवली आणि विचारलं, "वहिनी, काय कुठे लावू?"

कुंदाची आई म्हणाली, "तक्ता तिथेच लावा, पोरीला रोज लागतो. नकाशा नको आता. भिंतीची ओल झाकायला लावला होता, ती तर गेली."

नकाशा हबकलाच. गुंडाळला जाताना त्याने घाईघाईने स्वतःला निरखलं. सगळे समुद्र होते, सगळे देश होते. बोटाचा डाग मात्र एकही नव्हता.