ठकूबाईची पिवळी चिंधी

“बैल जुंपा रे! असली पोर आमच्या उंबऱ्यात नको!”

वरमाई गोजराबाई भर मांडवात ओरडत होती आणि नवरीचा बाप तुळाजी पागोटं हातात घेऊन तिच्यापुढे उभा होता.

“पाया पडतो, विहीणबाई. पोरीचा जन्म वाया जाईल.”

“आणि माझ्या पोराचा जीव जाईल, त्याचं काय? पाणी पडताच लुगडं रक्तासारखं लाल झालं. नवऱ्याला खाणारी आहे ही!”

ही गोष्ट फार फार वर्षांपूर्वीची, धामणदरीत देवळाचं बांधकाम चाललं होतं तेव्हाची. हळद लागलेल्या वेणूला पाटावर बसवून पहिला तांब्या ओतला, आणि अंगावरचं हळदीत रंगवलेलं लुगडं बघता बघता लालभडक झालं. “अंग चुरचुरतंय,” असं वेणू सांगत होती, पण नवरीचं ऐकतो कोण? त्या काळी अशी परत फिरवलेली पोर पुन्हा कधी मांडवात बसत नसे.

तेवढ्यात गर्दी सारत ठकूबाई रंगारीण आली. कोपरापर्यंत हात रंगलेले, लग्नाविना म्हातारी झालेली. तिचा आवाज ऐकून चालते बैल थांबायचे, असं म्हणतात. लुगडं तिनंच रंगवलेलं.

“पाणी कुठलं गं हे?”

“देवळामागच्या दगडी डोणीतलं,” करवली म्हणाली.

“परवापर्यंत गवंडी त्यात चुना भिजवत होते! नुसती विसळून भरलीत ना?”

“पाण्याला कशाला नावं ठेवतेस, थेरडे?” गोजराबाई उसळली. “रंग तुझाच कच्चा.”

“माझा रंग कच्चा? बरं. मग तुमचीच हळद घेऊ.”

नवऱ्या मुलाची उष्टी हळद वाटीत उरली होती. ठकूबाईनं ती गोजराबाईच्या तळहाताला फासली आणि मनगट धरून हात त्याच पाण्याच्या घंगाळात बुडवला. हात वर आला, तो लाल.

“आता तुम्ही कुणाला खाणार, विहीणबाई?”

मग तिनं कमरेचं लिंबू काढलं, कापलं आणि वेणूच्या पदरावर पिळलं. असं म्हणतात, की त्या एका लिंबानं पिवळा रंग पदरापासून काठापर्यंत धावत गेला आणि मांडवातली सगळी तोंडं त्या उजेडात पिवळी दिसली. कुणी म्हणतात, लिंबं पाच होती. त्यांनी मोजत बसावं.

तरी गोजराबाईचा पाय मागे फिरेना. गाडीच्या दांडीवर हात ठेवून ती म्हणाली, “एकदा लाल झालेलं लुगडं. लोक काय म्हणतील?”

त्यावर ठकूबाई एकच वाक्य बोलली. ते ऐकून गोजराबाईनं बैल सोडायला लावले आणि आपल्या लाल हातानं वेणूला पुन्हा पाटावर बसवलं.

आजही धामणदरीत नवरीच्या पाण्यात आधी हळदीची चिंधी बुडवतात. तिला ठकूबाईची चिंधी म्हणतात. लाल झाली तर पाणी ओतून देतात, पिवळी राहिली तरच तांब्या उचलतात. आणि पाटाशी एक कापलेलं लिंबू ठेवून गावातली सगळ्यांत म्हातारी बाई वरमाईकडे बघत तेच वाक्य म्हणते:

“चाळीस वर्षांपूर्वी माझंही लुगडं असंच लाल झालं होतं, विहीणबाई, आणि तेव्हा मांडवात लिंबू कापणारं कुणी नव्हतं.”