भुंग्याचं कपाळ
पूर्वी रानात पिल्लांची बालवाडी होती, तेव्हाची गोष्ट. तिथे एकदा रोबो आला, पत्र्याचा भुंगा. उद्या पिल्लांना तो चालवायला शिकवायचं होतं, म्हणून आज म्हैसबाई आणि शेळीबाई या दोघी बाईंनी आधी स्वतः शिकून घ्यायचं ठरलं.

म्हैसबाईंनी रीतीप्रमाणे आधी पूजा केली. कपाळ म्हणून जी चकचकीत काच दिसली, तिच्यावर ठसठशीत कुंकू लावलं. मग शिस्त म्हणून त्याला बजावलं, "विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

"सरळ चाल," म्हणताच भुंगा फळ्यावर आदळला. "वळ," म्हणताच शेळीबाईंच्या जेवणाच्या डब्यात शिरला.

"ढ आहे मेला," म्हणत म्हैसबाईंनी त्याला कोपऱ्यात उभं केलं. पण उद्या पिल्लांसमोर हसं होणार, या काळजीने त्यांना रवंथ सुचेना. शेवटी त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "बाळा, तुला होतंय तरी काय?"

"बाई, ते कपाळ नव्हतं, माझा डोळा होता. काही दिसत नाही."

"मग सकाळपासून गप्प का?"

"तुम्ही विचारलंच नव्हतं."

म्हैसबाईंनी शेपटीने त्याचा डोळा पुसला. दुसऱ्या दिवशी पिल्लं जमली. बाईंनी सवयीने शिस्तीचा नियम सांगायला तोंड उघडलं, आणि जांभई आल्यासारखं करून मिटलं.