द्वारका निजली ते छप्पर

सातवण्याच्या कुंभारवाडीत शिरलं की उजव्या हाताला वाचनालयाची नवी इमारत लागते. नवी म्हणायची ती वाडीची सवय. जांभ्याच्या त्या चार भिंतींवरून ऐंशी पावसाळे गेले, पण कुणालाही विचारा, हात करून तो सांगेल, ती काय, नवी इमारत. बाहेरून तिचं छप्पर पाहून कौतुक वाटावं असं काही नाही. वरचे नळे, म्हणजे हाताने घडवलेली मातीची कौलं, एक रुंद, एक निमुळता, एक पसरट, कुणाचं कुणाशी जमत नाही. आत जाऊन मान वर केली की मात्र माणूस बोलायचं विसरतो. वाशांच्या मधल्या प्रत्येक नळ्याच्या पोटावर चित्र कोरलेलं आहे आणि प्रत्येक चित्र अर्धं आहे. अर्धा हत्ती, अर्धं लग्न, अर्धी विहीर आणि तिच्यात वाकून पाहणारी अर्धी बाई.

पाहुणे विचारतात, हे असं का? आणि अक्षय्य तृतीयेच्या दिवशी आलेले पाहुणे आणखी एक विचारतात, की इतकी माणसं जमलेली असताना इथे वाचणारा कुजबुजल्यासारखा का वाचतो? मग बाबलआजोबांना बोलावणं जातं. ते येतात, पान लावतात, पाहुण्यांना आधी खाली बसायला सांगतात. उभ्याने ऐकायची ही गोष्ट नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

फार मागची गोष्ट आहे, असे सांगतात. तेव्हा वाडीत बावीस घरं होती आणि बावीसही घरांत चाक फिरत होतं. आसपासच्या गावांची छपरं सातवण्याच्या नळ्यांनी शाकारलेली. शाळेचे आठल्येमास्तर गाव सोडून गेले तेव्हा आपली पुस्तकांची पेटी त्यांनी सोमा कुंभाराच्या पडवीत ठेवली. सोमाची धाकटी बहीण यमुना मामाकडे राहून चार इयत्ता शिकली होती. दुपारी सोमा चाक फिरवायचा, त्याची बायको द्वारका माती मळायची आणि यमुना पेटीतलं पुस्तक काढून वाचायची. हळूहळू शेजारपाजारची माणसं आपलं काम उचलून सोमाच्या अंगणात येऊ लागली. कान गुंतले की हात जास्त चालतात, असं सोमा म्हणायचा.

द्वारकेला अक्षर येत नव्हतं. बायकांनी चाकाला हात लावायचा नाही, अशी रीत होती. मडक्याच्या गळ्यावर नक्षी काढायची तेवढी त्यांच्याकडे. वीस वर्षं द्वारकेने तीन रेघा आणि टिंबं काढली, कारण तिच्या सासूने तीन रेघा आणि टिंबंच काढली होती. यमुनेने एका गलबताची गोष्ट वाचायला घेतली आणि त्या दिवशी द्वारकेने घागरीवर गलबत काढलं. सोमा हसला. बायका हसल्या. पुढच्या आठवड्यात सगुणा म्हातारीच्या रांजणावर मासे दिसायला लागले, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

आता कुंभारांची एक खोड पाहा. चांगला नळा असेल तो गिऱ्हाईकाला, आणि वाकडा, तडकलेला, फुगलेला असेल तो आपल्या घरावर. अख्ख्या मुलखाची छपरं शाकारणाऱ्या वाडीत एकाही घराचं छप्पर धड नव्हतं. त्या पावसाळ्यात पडवी गळली, पाणी पेटीत गेलं आणि तीन पुस्तकांचा लगदा झाला. गलबताचं पुस्तक बचावलं, पण त्याची अजून न वाचलेली शेवटची पानं गेली. गलबत वादळात सापडलेलं, डोलकाठी मोडलेली, आणि पुढे काही नाही. द्वारका त्या लगद्याकडे बघत बसली. एखादं माणूस निरोप न घेता गेल्यावर वाटतं तसं तिला वाटलं, आणि हे कुणाला सांगायची तिला लाज वाटली.

ही बातमी भास्करराव खोतांच्या कानावर गेली. खोत माणूस वाईट नव्हता, पण आपल्याशिवाय गावात कुणाला काही समजत नाही ही त्याची ठाम समजूत. दसऱ्याच्या दिवशी देवळापुढे गाव जमलं होतं. तिथे खोत म्हणाला, "पुस्तकां भिजवलात. मडकी भाजूक येतत, म्हणान पुस्तकां सांभाळूक येतली असा नाय. पेटी माझ्या माडयेर येवंदे. कपाट आसा, कुलूप आसा."

बोलणं खरं होतं, म्हणून तर ते जास्त लागलं. खोताच्या कपाटाचं कुलूप त्याच्या मुलांनीसुद्धा कधी उघडलेलं पाहिलं नव्हतं. सोमाने मान वर करून एवढंच विचारलं की वाडीने पुस्तकांसाठी वेगळी इमारत उभी केली तर? खोताला हसू आलं. वळणावरचा वरकस, भात न पिकणारा तुकडा त्याने तिथल्या तिथे देऊ केला आणि अट घातली. अक्षय्य तृतीयेच्या दुपारी छप्पर पुरं झालेलं असेल तर जागाही तुमची, पेटीही तुमची. नाहीतर पेटी माडीवर.

तेव्हा म्हणे द्वारका पुढे झाली. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढचं मागणं, घालायचं ते मानकऱ्यांनी. बाईमाणसाने देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातल्याचं तोवर कुणी ऐकलं नव्हतं. तिने पदर खोचला आणि हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या पुस्तकांच्या डोक्यार छप्पर येईसर माका माझ्या घराच्या छपराखाली नीज नको."

गाऱ्हाण्याला लोकांनी होकार द्यायचा असतो. कुणी देईना. मग मागून सोमाचा आवाज आला, "व्हय म्हाराजा." त्याच्यामागे यमुनेचा आला आणि त्यांच्यामागे अख्ख्या वाडीचा.

त्या दिवसापासून द्वारका अंगणात निजू लागली. मार्गशीर्षाच्या दवात सकाळी तिची घोंगडी पिळून काढावी लागायची. सोमा आठ दिवस घरात निजला. नवव्या दिवशी तोही चटई घेऊन बाहेर आला. कारण विचारलं तर म्हणाला, "आत उंदीर लय झाले."

भिंती माघात उभ्या राहिल्या, वासे फाल्गुनात चढले. राहिले नळे. नळा कसा होतो हे पाहुण्यांना माहीत नसतं, म्हणून बाबलआजोबा इथे दोन्ही तळवे जोडून दाखवतात. चाकावर आधी लांब पोकळ नळकांडं काढायचं आणि माती जरा सुकून आवळली की ते उभं चिरायचं, म्हणजे एका नळकांड्याचे दोन नळे होतात. छपरावर एक उताणा बसतो, पाणी वाहून न्यायला, आणि दुसरा त्याच्या कडेवर पालथा. द्वारकेने वाडीतल्या बायकांना सांगितलं की चिरण्याआधी त्यावर चित्र काढा. जे ऐकलं असेल ते काढा. एका अंगाचं चित्र आतून माणसं बघतील, दुसऱ्या अंगाचं वरून देव बघेल. बावीस घरांच्या बायका बसल्या. तीन रेघा आणि टिंबं सोडून त्यांच्या बोटांत काय काय होतं, ते त्यांना स्वतःलाही तेव्हाच कळलं. सहाशे नळकांडी झाली आणि सहाशे चित्रं झाली. द्वारकेने अर्थात आपलं गलबतच काढलं, सुरी बरोबर डोलकाठीवरून जाईल असं.

मग आवा रचायची वेळ आली. आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. सोमा नेहमीसारखे नळे मिसळून रचत होता, तर द्वारका आडवी आली. जोड्या चुकतील म्हणाली. उजवी अंगं सगळी खाली लावा, डावी सगळी वर, म्हणजे काढताना गोंधळ नको. सात महिने उघड्यावर निजणाऱ्या बाईशी वाद कोण घालणार? रचले. आणि त्या वर्षी खाडीकडून असा काही वारा सुटला की जाळ खालीच दबून राहिला.

अक्षय्य तृतीयेला चार दिवस उरले असताना आवा उघडला. द्वारकेने खालचा नळा उचलून बोटाने ठोकला. खणखणीत वाजला. वरचा ठोकला, त्याचा आवाज भद्द. दुसरा, तिसरा, दहावा, सगळे भद्द. डावी अंगं कच्ची राहिली होती, पावसाच्या पहिल्या सरीला विरघळली असती. सहाशेच्या सहाशे.

"चूक माझी," ती म्हणाली.

सोमाने कपाळावरचा घाम पुसला. "दुसरो आवो लावन थंड होवक आठ दीस व्हये," तो म्हणाला. बायकोवर तो रागावला नाही, पण तिच्याकडे त्याने बघितलंही नाही.

वाडी तिथेच बसून राहिली. खोताची माडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली, आणि ते कुलूप. द्वारका उठली, तडक घरी गेली, शिडी लावली आणि आपल्या घराचे नळे उतरवायला लागली. सोमा धावत आला.

"गो, काय करतंस ह्या?"

"छप्पर काढतंय. सात म्हयने मी हेच्याखाली निजलंय नाय. माका हेचो काय उपेग?"

सोमाने खालून हात वर केले आणि ती देईल तो नळा झेलायला लागला. वाकडे असोत, फुगलेले असोत, पण भाजलेले होते. एका घराचे नळे पुरणार नव्हते हे दोघांनाही कळत होतं. तेवढ्यात शेजारून सगुणा म्हातारी ओरडली, "माझ्या गोठ्यावरचे न्या रे. चुलीवरचे नको." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवरचेही तिनेच काढून ठेवले. संध्याकाळपर्यंत बावीस घरांची निम्मी छपरं उघडी पडली होती. पक्की भाजलेली उजवी अंगं उताणी बसली, चित्रं खाली करून, आणि त्यांच्या कडांवर घराघरांतले ते वेडेवाकडे जुने नळे पालथे. तृतीयेच्या आदल्या दिवशी चारी बाजूंच्या गावांत वळीव कोसळला. वाडीवर एक थेंब पडला नाही, असे सांगतात. खरंखोटं देवाला ठाऊक, पण उघड्या छपराखाली निजलेली बावीस घरं कोरडी उठली, एवढं नक्की.

अक्षय्य तृतीयेला उन्हं माथ्यावर यायच्या आत आढ्यावरचा शेवटचा नळा बसला. द्वारका आत गेली. नुकतंच सारवलेलं होतं. तिने वर पाहिलं, आपलं अर्धं गलबत शोधून काढलं, पदराची घडी डोक्याखाली घेतली आणि आडवी झाली. सात महिन्यांची झोप होती ती. डोळे मिटायचा अवकाश, की ती गाढ झोपली.

इतक्यात खोत आला. पेटी उचलायला दोन गडी आणि स्वतःला बसायला खुर्ची घेऊन आला. दारातून छप्पर पाहिलं आणि म्हणाला, "झाला म्हणायचा. पण..." तो आणखी काही बोलणार तर यमुनेने तोंडावर बोट ठेवलं.

"गप रवा. वयनी निजली हा."

भास्करराव खोतांना गप्प राहा म्हणणारं माणूस तोवर जन्माला आलं नव्हतं, असं बाबलआजोबा सांगतात. यमुना त्यांची सख्खी आजी, त्यामुळे इथे त्यांचा आवाज जरा चढतो. खोत खरंच गप्प बसला. यमुनेने पेटी उघडली, गलबताचं पुस्तक काढलं आणि वाचायला सुरुवात केली, द्वारका जागी होऊ नये अशा बारीक आवाजात. ऐकायचं तर जवळ सरकणं आलं. माणसं सरकली. दाराबाहेर खुर्चीवर बसलेल्या खोताला काही ऐकू येईना. त्याने खुर्ची उंबऱ्यापर्यंत ओढली, मग खुर्ची सोडली, मग जोडे काढले. वादळ सुरू झालं तेव्हा खोत सगुणा म्हातारीच्या गुडघ्याला गुडघा लावून जमिनीवर बसला होता.

डोलकाठी मोडली आणि पानं संपली. यमुना थांबली. सगळ्यांना ठाऊक होतं की पुढे काही नाही, तरी कुणी उठेना. आणि त्या शांततेत खोतच हळूच म्हणाला, "पोचला असताला ता गलबत."

द्वारकेने डोळे उघडले. पुस्तक भिजल्यापासून तिला जे विचारायचं होतं ते तिने पडल्यापडल्याच विचारलं.

"खंय पोचला?"

खोताने इकडेतिकडे पाहिलं. सुटका नव्हती. मग त्याने सांगायला घेतलं. मोडक्या डोलकाठीला घोंगड्या कशा बांधल्या, वारा कुठून आला, किनाऱ्यावर दिवे घेऊन कोण कोण उभं होतं. म्हणे दिवस कलला तरी तो सांगत होता, आणि परत जाताना खुर्ची नेऊ नका असं त्यानेच गड्यांना सांगितलं.

कच्ची राहिलेली डावी अंगं पुढच्या आव्यात पुन्हा भाजली आणि ज्यांनी आपले नळे दिले त्यांच्या घरांवर चढली. तेव्हापासून सातवण्यात प्रत्येक चित्राचं उजवं अंग वाचनालयात आणि डावं कुणा ना कुणाच्या घरावर.

आजही अक्षय्य तृतीयेला नव्या इमारतीत माणसं खांद्याला खांदा लावून बसतात, आणि पहिलं वाचन बारीक आवाजातच होतं. खुर्ची कोपऱ्यात आहे, तिच्यावर पुस्तकं ठेवतात. मधे सारवलेली एक माणसाएवढी जागा मोकळी सोडतात. डोलकाठी मोडली की वाचणारा थांबतो आणि ज्याची पाळी असेल त्याने गलबताचं पुढे काय झालं ते आपल्या मनाने सांगायचं. सांगितलेलं एका नळकांड्यावर कोरलं जातं, एक अंग इथे लागतं, दुसरं सांगणाऱ्याच्या घरावर. आजवर कुंभारांनी सांगितलं, मास्तरांनी, सासुरवाशिणींनी सांगितलं, दोनदा चुकून आलेल्या पाहुण्यांनीही सांगितलं. प्रत्येकाचं वादळ वेगळं, वाट वेगळी. पण ऐंशी वर्षांत ते गलबत अजून कुणी बुडवलेलं नाही.