ऊर्मिमालेचे उधाण

त्रेतायुगाचा आरंभ होता, पृथ्वीवर नगरे थोडी आणि अरण्ये फार होती, त्या काळी पश्चिमसमुद्राच्या काठी श्रीपत्तन नावाच्या नगरीत भद्रकेतु राजा राज्य करीत असे. राजा सत्शील होता, शूर होता, देखणाही होता. पण एवढ्याने प्रजेचे पोट भरत नाही. भूमी खारी, पीक बेताचे. दूरदेशीच्या नौका क्षितिजावरूनच निघून जात, कारण भद्रकेतूच्या पूर्वजांनी काठाला लागलेल्या परक्यांना लुटण्यात पिढ्या घालवल्या होत्या. लुटला गेलेला माणूस सहजी विसरत नाही, आणि इतरांना सांगितल्यावाचून राहत नाही.

तेव्हा राजाने कंबरभर पाण्यात उभे राहून, केवळ वायुभक्षण करीत, रत्नाकराची घोर आराधना केली. अखेर प्रवाळांचा मुकुट ल्यालेला, शंखध्वनीने दशदिशा कोंदून टाकणारा समुद्र प्रकट झाला आणि म्हणाला, "राजा, वर माग."

"हे जलाधिपते, माझ्या प्रजेच्या घरी दोन्ही वेळा चूल पेटावी. परदेशीचे सार्थवाह येथे यावेत, राहावेत, वाढावेत."

"नौका आणणे माझ्या हाती, त्यांना टिकवणे तुझ्या हाती," समुद्र म्हणाला. "माझ्या पाठीवरून येणारा व्यापारी घरदार मागे टाकून केवळ यजमानाच्या शब्दावर येतो. त्या शब्दाची साक्ष म्हणून माझी कन्या ऊर्मिमाला मी तुला देतो. हातावर माझे उदक घेऊन जे वचन परक्याला देशील, ते ज्या दिवशी फिरवशील, त्या दिवशी माझी लेक मी परत नेईन. मग तू रडलास तरी, आणि ती रडली तरी."

राजाने अट आनंदाने मान्य केली. वर पदरात पडताना अट कोणाला जड वाटते?

पुढे प्रत्येक नौका घाटाला लागली की भद्रकेतु ऊर्मिमालेसह पायऱ्या उतरे, ओंजळीत समुद्रजल घेई आणि म्हणे, "विसावा भाग माझा, उरलेले तुझे. तुझ्या वित्ताला आणि जीविताला येथे अभय आहे." ते पाणी पाहून परके निर्धास्त होत. नगरी चंदनाच्या राशींनी, मिरीच्या गंधाने आणि मागांच्या खटखटीने भरून गेली. सुवर्णद्वीपाचा वृद्ध सार्थवाह वसुरक्षित तर माल विकून थांबला नाही. त्याने आयुष्यभराची कमाई ओतून नौका बांधण्याची विशाल शाला उभारली आणि कोळ्यांच्या मुलांना ती विद्या दिली. बापाच्या पाठीवरून आलेल्या या म्हाताऱ्यात ऊर्मिमालेला माहेर दिसे. ती त्याला तात म्हणे. तिची लेक चंद्रलेखा त्याचेच बोट धरून चालायला शिकली.

मग शेजारच्या राजाने अश्वमेध केला, आणि भद्रकेतूच्या मनाने घेतले की आपणही करावा. कोश अपुरा पडला. राजपुरोहित विभांडाने तोड काढली. "महाराज, नौका पळून जाते, नौकाशाला कोठे जाणार? भूमीवर परक्यांनी जे जे उभारले, त्याचा अर्धा भाग आजपासून राजाचा, असा नियम करा. धर्मकार्यासाठी फिरवलेला शब्द फिरवलेला ठरत नाही." हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे, असे सभेत कोणी विचारले नाही.

ऊर्मिमालेच्या तोंडचे पाणी पळाले. लेकीला कडेवर घेऊन ती राजापुढे उभी राहिली. "महाराज, तुम्हाला अट ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, देवी. पण तुझे पिता या लेकराकडे पाहतील. इतका निष्ठुर बाप कोण असतो?"

"ते आधी साक्षी आहेत, मग बाप. आणि तुम्ही माझ्या लेकीला ढाल करून पुढे धरता आहात."

"एकदाच, ऊर्मिमाले! यज्ञ होऊ दे. पुन्हा तोच विसावा भाग."

"पुन्हा दिलेल्या शब्दावर कोण विसंबेल?"

राजाचे तिच्यावर प्रेम होते, ते खोटे नव्हते. पण यज्ञमंडप उभा राहिला होता, निमंत्रणे गेली होती. त्याने मान फिरवली आणि दवंडीची आज्ञा दिली.

वसुरक्षित उघड्या डोक्याने सभेत आला. "राजा, तुझ्या ओंजळीतले पाणी मी पाहिले होते. असेच करायचे होते, तर मी माल उतरवण्यापूर्वी सांगायचे होतेस. उचलून नेता येईल असे माझ्यापाशी आता काही उरले नाही." त्याने शाप दिला नाही. फक्त राणीकडे वळून म्हणाला, "पोरी, मला तुझ्यासाठी वाईट वाटते."

तो दाराबाहेर पडतो न पडतो तोच समुद्राने गर्जना केली, आणि पाणी राजवाड्याच्या पायऱ्यांना लागले. ऊर्मिमालेने पदराला धरलेली चंद्रलेखेची बोटे सोडवली. आई खेळते आहे असे वाटून पोर हसली. भद्रकेतु गुडघाभर पाण्यात कोसळला. "यज्ञ नको, राज्य नको, हिला नेऊ नकोस!"

"मलाही नेववत नाही," समुद्र म्हणाला, "पण साक्षीदाराने शब्द फिरवला, तर पुन्हा कोणी कोणाच्या भरवशावर घर सोडेल?"

आणि तो लेकीला घेऊन गेला.

त्याच महिन्यात नौकांनी नांगर उचलले. माग थांबले, शाला ओस पडली, यज्ञमंडप वाऱ्याने मोडला. समुद्राच्या तळाशी ऊर्मिमालेने लेकीसाठी अन्न सोडले. तेव्हा बापाचे काळीज विरघळले आणि तो म्हणाला, "दिवसातून दोनदा काठापर्यंत जा. काठ ओलांडू नकोस."

तेव्हापासून समुद्राला भरती-ओहोटी आहे. पौर्णिमेला लेक चांदण्यात दिसेल म्हणून ऊर्मिमाला आवेगाने धावते. अमावास्येला काही दिसत नाही, म्हणून आणखी जवळ येते. त्याला लोक उधाण म्हणतात. श्रीपत्तन केव्हाच वाळूखाली गेले. चंद्रलेखा त्या काठावर वाढली, म्हातारी झाली, आणि गेली. हे ऊर्मिमालेला सांगण्याचे धैर्य समुद्राला अजून झालेले नाही.