पाठ न लागलेला पैलवान

फार मागं एका तालमीत ताक, तेल अन् हळद पिऊन लोण्यासारखी झालेली लाल माती होती. केरबा पैलवान तिला रोज कपाळी लावायचा, पण त्याची पाठ तिला कधी लागली नाही. प्रत्येक कुस्ती तोच मारायचा.

"हरलेले सगळे माझ्या कुशीत येतात," माती कोपऱ्यातल्या लाकडी मुद्गलाला म्हणायची. "लाडका तेवढा अंतरला."

"वेडे, पाठ लागली की पैलवान संपला!" मुद्गल खेकसायचा.



पुढं केरबाचे गुडघे गेले, येणं थांबलं. एके सकाळी म्हातारा काठी टेकत आला, मातीत उतरला आणि हळूच उताणा झाला.

"कुणी रे पाडलं तुला?" माती कळवळली.

"कुणी नाही, आई. जन्मभर तुझ्यापासूनच पाठ वाचवली. आता घे गं कुशीत."