तुरेबुवांची सम

फार वर्षांपूर्वी एका शहराच्या बागेत पाखरांचा वाद्यवृंद होता. तुरेबुवा नावाचे म्हातारे हुदहुद वीस वर्षं तो चालवत होते. त्यांनी डोक्यावरचा तुरा उभारला की गायचं आणि मिटला की थांबायचं, अशी शिस्त होती. हल्ली बुवांना दिसेनासं झालं होतं. पण कळलं तर आपल्याला काढून टाकतील, या धास्तीने त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

एका सकाळी गाणं रंगात असताना मुनियांचा सूर कापरा झाला. "बुवा, वर शिक्रा बसलाय!" बुलबुल पुटपुटली.

बुवांना धोका कळला. एकेकटं उडालं, तर मागे राहील त्याला शिक्रा उचलणार.

"गात राहा," ते म्हणाले. "समेवर तुरा मिटेन, तेव्हा सगळ्यांनी एकदम उडायचं."

ठेका चुकला नाही. सम आली, तुरा मिटला आणि अख्खा थवा उसळला. शिक्रा गोंधळला, एकही पाखरू त्याच्या तावडीत सापडलं नाही.

बुवा मात्र फांदीवरच राहिले. कुठे उडावं, ते दिसत नव्हतं. अंग चोरून ते झडपेची वाट पाहू लागले. इतक्यात बुलबुल आणि मैना परत फिरून त्यांच्या दोन्ही बाजूंना आल्या.

"तुम्हाला दिसत नाही, हे आम्हाला केव्हाच कळलंय, बुवा," बुलबुल म्हणाली. "आमच्या पंखांच्या आवाजावर उडा."