ड्रायरने साठवलेली लव

यंत्रांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. एका घरातला ड्रायर कपड्यांची निघालेली लव आपल्या नळीत साठवायचा. "टाकायची कशाला? बाळाला उशी होईल!"

शेजारच्या वॉशिंग मशीनबाईंना सगळ्यांच्या चौकशा. एकदा त्यांना करपल्याचा वास आला.

"भाऊजी, नळी तुंबलीय तुमची. लव पेटली तर? पलीकडे बाळ झोपलंय. आधी साफ करा."

"तुम्ही तुमचं धुणं बघा!"

"बघतेच!" बाईंनी दार घट्ट लावून घेतलं. नळी मोकळी होईपर्यंत ड्रायरला एक ओलं दुपटंही द्यायचं नाही, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

दुपारपर्यंत रिकामा बसून ड्रायर चिडला. जोरात फुंकर मारून त्याने सगळी लव बाहेर टाकली. आतला पुंजका काळा पडला होता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "दर आठवड्याला असंच दार लावून बसत जा."